गरिबीचं लोकेशन

अलिबागचा पिन कोड 402201, मुरुडचा 402401 आणि महाडचा 402301. टपाल खात्यानं हे आकडे वाटले तेव्हा त्यांच्यावरून पुढं भांडणं लागतील असं कुणाच्या डोक्यात आलं नसेल. पण अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरनं आपल्या 400059 मधले 59 मिरवले, कुर्ल्याच्या नेझीनं 70 मिरवले, आणि 2019 च्या फेब्रुवारीत ‘गली बॉय’ सिनेमा लागल्यावर रायगड जिल्ह्यातल्या गावोगावच्या एकेका पोरानं आधार कार्ड काढून आपल्या पिन कोडचे शेवटचे दोन आकडे पाहिले. ते निघाले 01. तिन्ही ठिकाणी 01. अस्सल झीरो-वन कोण, यावर अलिबागनं गाणं केलं, मुरुडनं उत्तराचं गाणं केलं आणि महाडनं ‘तुमच्या तालुक्यात रायगड आहे का?’ एवढंच विचारून दोघांना गप्प केलं. श्रीवर्धनच्या वाट्याला 10 आले, त्यात त्याचं भागलं. उरणला मात्र 02 निघाले. तिथला पोरगा अजून सावरलेला नाही. दुसरा नंबर टी-शर्टवर कोण छापणार?

आमच्या गावचा एमसी, म्हणजे रॅपर, हा या झीरो-वनांपैकी एक. गाव अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधे कुठंतरी आहे, एवढंच सांगतो. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याला तीन आहेत: आधार कार्डावरचं, इन्स्टाग्रामवरचं आणि आई हाक मारते ते. तिसरं छापलं तर तो माझ्याशी बोलणार नाही. शिवाय नावावाचून काही अडत नाही. हा नमुना रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत कुठल्याही बंदरावर संध्याकाळी भेटतो. मे महिन्याच्या घामात अंगात हूडी. दिवस मावळल्यावर डोळ्यांवर काळा चष्मा. बोलताना दोन्ही हात असे चालतात की धक्क्यावरचा खलाशी आपल्यालाच खूण केली समजून दोर सोडून देतो.

मी शाळेत त्याला मराठी शिकवायचो. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर त्यानं एकच वाक्य लिहिलं होतं: ‘मला पावसाळा आवडत नाही कारण बोट बंद असते.’ मी दहापैकी दोन गुण दिले, त्यातला एक हस्ताक्षराचा. आज तो त्याच मजकुराचे सोळा बार करतो आणि लोक शिट्ट्या मारतात. बार म्हणजे काय हे त्यानंच मला समजावलं. बार म्हणजे ओळ, चार ठोक्यांची. ‘म्हणजे चरण,’ मी म्हटलं. ‘नाही सर, बार,’ तो म्हणाला, आणि विषय तिथंच राहिला.

त्याची गरिबी खोटी नव्हती हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं थट्टा बरीच करायची आहे. बाप दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. मासळी विकली की आधी डिझेल वजा, मग बर्फ वजा, मग नाखव्याचा वाटा, आणि उरलं तर खलाशांचे वाटे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, तेव्हा नाखव्याकडून उचल घ्यायची आणि नारळी पौर्णिमेनंतर ती फेडत बसायची. आई डोक्यावर पाटी घेऊन बाजारात. पावसाळ्यात सुके बोंबील, जवळा, सोडे. दमट हवेत जवळ्याला वास सुटला की तो विकायचा नाही, घरात खायचा. पोरगा अशा जवळ्यावर वाढला. तरी सगळा रायगड आपल्याइतकाच गरीब आहे असं त्याला वाटायचं. आपण गरीब असल्याचा शोध त्याला ‘गली बॉय’ बघताना लागला.

मग 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ आलं. श्रीवर्धन-मुरुडपासून अलिबागपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीची झाडं पुन्हा उभी करायला वर्षं लागतात. त्याच्या घरावरचे पत्रे उडून तिसऱ्या वाडीत पडले. ते परत आणायला गेला तर तिथल्या माणसानं ते आपल्या गोठ्यावर घालूनही टाकले होते. टाळेबंदी होती, वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. पहिलं गाणं त्यानं त्या महिन्यात लिहिलं आणि वीज आल्यावर गोधडी अंगावर घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. नेझीनं 2014 मध्ये ‘आफत’ आयपॅडवर केलं होतं, तेव्हा साधन थोडकं असणं हा आता या धंद्यात अभिमानाचाच भाग झाला आहे. पण नेझीच्या आईनं मध्ये हाक मारली नव्हती.

याच्या आईनं मारली. तिसरं कडवं चालू असताना ती पाटी घेऊन दारातून जात होती आणि शेजारणीला बोंबलाचा भाव ओरडून सांगत होती. ते गोधडीतून आरपार आत आलं. वीज नुकतीच आलेली, पोराकडं पुन्हा रेकॉर्ड करण्याइतकी बॅटरी नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं. गाणं चाललं ते त्या भावावर. लोकांनी रील केले ते ‘शंभराला वाटा’वर. वादळ, पत्रे, बापाचं कर्ज या सगळ्याकडं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. आता मुलाखतीत तो सांगतो की तो हुक मी जाणूनबुजून ठेवला होता, मला रस्त्याचा आवाज पाहिजे होता. आई मात्र ट्रॉलरचा हिशेब लावते. ‘डिझेल काप, बरफ काप,’ ती म्हणाली, ‘पन आवाज माजा, बोंबील माजं, मंग माजा वाटा कुटं हाय?’ यूट्यूबवर पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जावं लागतं, हे त्यानं तिला सांगितलं. तिला वाटलं पोरगा टाळतोय.

या घरातली खरी कलावंत त्याची आजी. ती धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत विधीविधीला धवले म्हणणारी. हातात वही नाही, कागद नाही. नवऱ्यामुलाच्या घरात कोण मोठं, कोण रुसलंय, कुणाचा मान राहून गेलाय हे तिला ठाऊक असतं आणि गाता गाता ती नावं त्यात बसवते. ज्यानं मानाची साडी हलकी आणली त्याचंही नाव बसवते. याला हल्ली फ्रीस्टाइल म्हणतात आणि अशा नाव घेण्याला डिस. म्हातारी हे काम नातवाच्या जन्माआधीपासून करत आली आहे आणि तिच्या डिसनंतर कुणी उत्तराचं गाणं करण्याची हिंमत केलेली नाही. नातवाचं पहिलं गाणं ऐकून ती म्हणाली, ‘इतक्या घाईनं का बोलतंस रं? पोलीस मागं लागलंत काय तुज्या?’

दुसऱ्या गाण्यात तिला ‘फीचरिंग आजी’ म्हणून घ्यायचं ठरलं. तिनं आधी बिदागी आणि साडी ठरवून घेतली. हे त्या घरातलं पहिलं आणि अजूनपर्यंतचं शेवटचं नीट झालेलं करारपत्र. पण धवला एकटीनं म्हणायचा नसतो, एकीनं म्हटलेलं दुसऱ्यांनी उचलायचं असतं, म्हणून ती तीन बायका रिक्षात घालून पनवेलच्या स्टुडिओत गेली. तिथली काचेची खोली एका माणसापुरती. शेवटी आजी आत आणि बायका काचेबाहेर, अशी मांडामांड झाली. तिच्या कानांवर हेडफोन चढवले, त्यात ताल राखायला क्लिक लावलेली. टक, टक, टक. म्हातारीनं दोन सेकंद ऐकलं आणि हेडफोन काढून फेकले. लग्नाचं गाणं चालू असताना कानात पाल चुकचुकते म्हणजे काय! ती उठली, बायका उठल्या, रिक्षा परत. तालाचं काय ते तिनं परतीच्या वाटेवर मांडीवर थाप मारून दाखवलं, आणि नातवानं ते रिक्षातच रेकॉर्ड केलं. ध्वनिमुद्रक म्हणाला, एका ठोक्याचाही फरक नाही.

मी त्याला अधूनमधून जुन्या मराठीचा खुराक देत असतो. मोरोपंतांनी ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं, हे ऐकल्यावर तो प्रथमच माझ्यासमोर चष्मा काढून बसला. ‘सर, काय फ्लो असेल!’ अफझलखान वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, आणि ते त्यानं पोवाड्यातच सांगून टाकलं. तेव्हा कवीनं गाण्यात आपले दागिने मोजून दाखवण्याची प्रथा पुण्याच्या एमसी स्टॅननं काढलेली नाही. स्टॅननं 2023 च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’ जिंकलं तेव्हा देशभर चर्चा होती ती त्याच्या 80 हजारांच्या बुटांची. आमच्या एमसीनं बूट घेतले नाहीत, कारण वाळूत चालत नाहीत. त्यानं चेन घेतली. ती सोन्याची आहे असं तो म्हणतो. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांचा सुयांना उपद्रव होणार, म्हणून 1904 साली कुलाब्याहून इकडं आली, आणि इमारतीत लोखंड येऊ नये याची काळजी घेऊन बांधली. हा त्या रस्त्यानं बाइकवरून जातो तेव्हा मला आतल्या माणसांची काळजी वाटते.

तो खऱ्या अर्थानं वर आला तो अलिबागच्या अपमानावर. ‘अलिबागसे आया है क्या?’ हे मुंबईतलं वाक्य बंद करावं म्हणून एका अलिबागकरानं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. 2019 च्या जुलैत न्यायालयानं ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, इतकं मनाला लावून घेऊ नये, असं सुचवलं. माझ्या मते न्यायालयानं योग्यच केलं, पण ते काही अलिबागचं नव्हतं. आमच्या एमसीनं निकालाविरुद्ध अपील केलं ते तीन मिनिटांच्या गाण्यात. हो, अलिबागसे आया हूं, शनिवारी माझ्याकडंच येतोस ना, ट्रॅफिकमध्ये पोयनाडला चार तास बसून; असा साधारण आशय. (ओळी देत नाही. हक्क कुणाचे यावर वाद चालू आहे.) त्या गाण्यानं त्याला जिल्हा दिला. पेणच्या आरटीओबाहेर एमएच-06 च्या पाटीशी लोक फोटो काढू लागले.

यशाचा पहिला त्रास बैलांपासून सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2023 च्या मे महिन्यात बैलगाडा शर्यतींवर शिक्कामोर्तब केलं. आमच्याकडं शर्यती पुळणीवर होतात, ओहोटीच्या ओल्या वाळूत, आणि हल्ली प्रत्येक नावाजलेल्या बैलाचं एक गाणं असावं लागतं. बैलवाला येतो, रोख पैसे टेबलावर ठेवतो आणि अटी सांगतो: बैलाचं नाव बारा वेळा, मालकाचं सहा वेळा, चुलत्याचं एकदा, आणि बैलाच्या नावाचं यमक म्हशीशी जुळता कामा नये. एकदा यानं उत्साहात समोरच्या जोडीला डिस केलं. बैलांचं काही म्हणणं नव्हतं. मालक मात्र दोन गाड्या भरून दारात आले. समेट असा झाला की त्या जोडीचंही गाणं करायचं, फुकट, आणि दोन मिनिटं जास्त. तरी तो म्हणतो की इतक्या वर्षांत वेळेवर पैसे देणारी माणसं फक्त बैलवालेच. कंपन्या नव्वद दिवसांनी देतात आणि तेव्हाही आधी जीएसटी नंबर विचारतात.

दुसरा त्रास ‘भावीं’चा. भावी सरपंच, भावी जिल्हा परिषद सदस्य, भावी आमदार. प्रत्येकाचा वाढदिवस असतो आणि प्रत्येक वाढदिवसाला गाणं लागतं. एका आठवड्यात एकाच मतदारसंघातले दोन भावी आमदार त्याच्याकडं आले. त्यानं एकच बीट आणि एकच गाणं दोघांना विकलं, नाव तेवढं बदललं. दोघेही खूश, दोघांनाही ‘वाघ’ म्हटलं होतं. मी विचारलं, अरे, हे बरं दिसतं का? ‘सर, दोघांपैकी एक पडणारच आहे,’ तो म्हणाला. त्याला राजकारण कळतं.

त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत एक अर्धवट राहिलेल्या जेट्टीवर होतं. नावं घेऊन, आकडे सांगून केलेलं. चांगलं होतं. पण 2023 च्या एप्रिलमध्ये सरकारवर टीका करणाऱ्या रॅपवरून राज मुंगासेवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, आणि वडाळ्याच्या उमेश खाडेच्या मागंही पोलिसांचा ससेमिरा लागला. दोन्ही बातम्या कोळीवाड्यात त्याच संध्याकाळी पोचल्या. आजी म्हणाली, ‘मी बोल्लू नव्हतू?’ तेव्हापासून आमचा एमसी ‘सिस्टीम’वर गातो. सिस्टीम चोर आहे, सिस्टीम झोपली आहे, सिस्टीमला आग लावीन. सिस्टीमचे कार्यकर्ते नसतात, त्यामुळं दारात गाड्या येत नाहीत. एका भावी आमदारानं तर आपल्या वाढदिवसाला हे सिस्टीमचं गाणं मुद्दाम म्हणायला लावलं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसून मुठी उगारल्या.

याशिवाय गावकी. पालखीला वर्गणी, होळीला वर्गणी, क्रिकेट स्पर्धेला चषक. पूर्वी त्याचा बाप सभेत मागं उभा असायचा, आता पोराला पुढं बसवतात आणि पावतीपुस्तक समोर ठेवतात. मामाचा पोरगा मॅनेजर झाला. त्याला कामाचं स्वरूप विचारलं तर म्हणतो, ‘मी एनर्जी बघतो.’ शाळेतले चार मित्र ‘टीम’ झाले आणि टीमला रोज चहा लागतो. आईनं बाजार सोडलेला नाही. तिचं नुकसानच झालंय म्हणा. गिऱ्हाइकं म्हणतात, पोऱ्या एवढा मोठा झाला आणि तू पापलेटाला वीस रुपये सोडत नाहीस? त्यावर ती म्हणते, पोऱ्या मोटा झाला, पापलेट बारीक झालं, दोघांचं मी काय करू?

त्याला हातखर्चाची खरी चव लागली ती किहीम-आवासकडच्या एका बंगल्यावर. वर्षाअखेरची पार्टी. मुंबईची मंडळी, पोहण्याचा तलाव, आणि तलावाच्या काठावर हा, हूडी घालून, बोट बंद असल्याच्या दिवसांवर गातोय. मंडळी भारावली. काहींचे डोळे पाणावले, त्यांनी ते तसेच रेकॉर्डही केले. एका बाईंनी विचारलं, ‘यू स्टिल लिव्ह देअर?’ टेबलावर रावस होता. तो सकाळी त्याच्या आईकडूनच घेतलेला, आणि बंगल्याची गाडी दारात थांबली म्हटल्यावर तिनं लावलेला भाव ऐकला असता तर डोळे आणखी पाणावले असते. गाणं संपल्यावर हा मागच्या बाजूला राखणदाराकडं जेवायला बसला. राखणदार त्याचा आत्तेभाऊ. बंगल्याखालची जमीन आत्याच्या सासऱ्यांची होती. विकली तेव्हा आलेले पैसे भलतेच वाटले होते. आता तेवढ्यात त्या बंगल्याचं फाटकही होणार नाही. यावर त्यानं गाणं केलेलं नाही. बंगलेवाले पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत, आणि आत्तेभावाची नोकरीही आहे.

आणि इथं माझा या सगळ्याशी संबंध येतो. पैसे आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते घराचं. पत्र्यांच्या जागी स्लॅब, खाली चकचकीत लाद्या, वर निळ्या दिव्यांचं खोटं छत, दाराला स्टीलचं फाटक. बापानं स्लॅबवर उभं राहून पहिला पाऊस बघितला, मुद्दाम भिजला आणि मग खाली आला. घर झालं, पण गाण्याच्या व्हिडिओत दाखवायला गरिबी कुठून आणायची? शेजाऱ्यांनीही स्लॅब टाकले होते. सगळ्या कोळीवाड्यात जांभ्या दगडाच्या भिंती, नळ्याची कौलं आणि एका अंगाला झुकलेली पडवी असलेलं घर उरलं होतं एकच. माझं.

दिग्दर्शक आला तो मुंबईचा. दारातच त्यानं भिंतीवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. ‘सर, काय टेक्स्चर आहे!’ त्या टेक्स्चरला माझी बायको ओल म्हणते. त्यांनी फ्रिज उचलून परसात नेला, गॅसवर गोणपाट टाकलं, कुठून तरी एक कंदील आणून टांगला. बायको आधी गप्प होती. कला दिग्दर्शकानं तिची घासलेली भांडी बघून ‘थोडी काळी करता येतील का?’ असं विचारल्यावर ती बोलली. ते काय बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही, पण त्या पोरानं भांड्यांना पुन्हा हात लावला नाही. मला ओटीवर बसवलं. चेहऱ्यावर काय आणू, असं मी विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, ‘काही आणू नका सर, नेहमीसारखे बसा. परफेक्ट हताश दिसता.’

तो व्हिडिओ चालला. त्यानंतर माझ्या घराचं भाडं ठरलं आणि अट पडली: दुरुस्ती करायची नाही. दोन कौलं फुटली म्हणून मी शाकारणाऱ्याला बोलावलं तर मॅनेजर धावत आला. ‘सर, कंटिन्युटी!’ भाडं मात्र तोंडीच राहिलं. विचारलं की एमसी म्हणतो, ‘सर, सध्या जरा टाइट आहे.’ आधी मला वाटलं, झाली याला सवय. पण मग त्याच्या बापानं सांगितलं. थारचा हप्ता. घराचा हप्ता. मोठ्या एलईडी पडद्याचे पैसे, जे कार्यक्रमवाल्यानं द्यायचे होते आणि तो फोन उचलत नाही. वर पहिल्या गाण्याची बीट. ती इंटरनेटवरून फुकट घेतलेली. फुकट म्हणजे पैसे मिळवायचे नसतील तर फुकट, ही बारीक अक्षरातली अट कुणी वाचली नव्हती. बीट करणारा परदेशातला पोरगा जागा झाला आणि त्या गाण्याची कमाई थेट तिकडं जाऊ लागली. बापानं सगळं डिझेल काप, बरफ काप करत मांडलं आणि म्हणाला, ‘गुर्जी, मी नाकव्याची उचल फेडायचू, आता हा बँकेची फेडतंय. बोट तेवडी मोटी झाली.’

या हप्त्यांवर त्यानं एक गाणं लिहिलं. मला वाचून दाखवलं, चष्मा न घालता. रात्री दीडला थारमध्ये एकटा बसून हिशेब करणारा माणूस, आणि खाली उतरलं की टीम विचारणार, भाई, उद्या काय प्लॅन. सोळाच बार होते. दहापैकी आठ दिले असते. मॅनेजरनं ते ऐकलं आणि डोकं हलवलं. हप्त्यांचं दुःख पोरांना भिडत नाही, म्हणाला, ते सगळ्यांच्याच घरी असतं. छप्पर गळायला पाहिजे. ते गाणं अजून मोबाइलमध्येच आहे.

तेव्हा छप्पर गळण्याचं ठरलं. माझं. पावसाळ्याचा व्हिडिओ जूनच्या पहिल्या दिवशी प्रसिद्ध करायचा, बंदी सुरू होते त्याच दिवशी, म्हणून चित्रीकरण मे महिन्यात. मे महिन्यात पाऊस नसतो, म्हणून टँकर मागवला. टँकर माझ्या अंगणात, पाइप माझ्या कौलांवर, ड्रोन वर, एमसी ओटीवर हूडीत, आजी माजघरात जात्याशी, तिला या खेपेला हेडफोन नव्हते म्हणून ती खुशीत. दिग्दर्शकानं हात वर केला. पाइप सुरू झाला, आणि ज्या कौलांतून गेली चार वर्षं थेंब आला नव्हता ती पाच ठिकाणी गळायला लागली.

पण मे महिन्यात आमच्या गावाला नळाचं पाणी दिवसाआड येतं, तेही कळशीभर. टँकर आलाय ही बातमी कोळीवाड्यात पसरायला तीन मिनिटं लागली. आधी एक हंडा आला, मग चार, मग रांगच लागली. बायकांनी पाइपाखाली हंडे लावले. पाऊस बंद पडला. दिग्दर्शक ओरडला, मॅनेजर एनर्जी बघत उभा राहिला, ड्रोन वरून सगळं टिपत होता. एमसी ओटीवरून उतरून रांगेच्या तोंडाशी गेला. तिथं पहिली त्याची आईच. दोन हंडे आणि एक कळशी.

‘आये, शूट चालू हाय,’ तो दबक्या आवाजात म्हणाला.

‘आदी पानी भरू दे,’ ती म्हणाली, ‘गरिबी मंग दाकव.’

माजघरातून आजीनं तेवढंच उचललं, मागं तीन बायकांनी धरलं, आणि मांडीवर थापा सुरू झाल्या. मॅनेजर विचारत होता, आईंचा वाटा किती लावायचा. एमसीनं दुसऱ्या टँकरवाल्याला फोन लावला, पैसे कुणाच्या नावावर ते अजून ठरलं नव्हतं, आणि माझी बायको आपला हंडा घेऊन रांगेत चौथी उभी होती.